एका तळटीपेचा अल्बम

१/
प्रोग्रेसिव्ह रॉकचे चार चाहते एकत्र बसले की अर्ध्या तासाच्या आत वाद पेटतो. सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता? पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून', किंग क्रिम्झनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग', येसचा 'क्लोज टू द एज', की जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'? पन्नास वर्षे हा वाद चालू आहे आणि त्यात कोणी कोणाला पटवून दिल्याचे ऐकिवात नाही.

२/
२०१५ मध्ये 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने पन्नास अल्बमची यादी केली. पहिल्या स्थानी 'डार्क साइड', दुसऱ्या स्थानी 'क्रिम्झन किंग', पाचव्या स्थानी 'क्लोज टू द एज'. यादीने वाद मिटला नाही, उलट त्याला नवे इंधन मिळाले. अशा याद्या निकाल देतात, पुरावा देत नाहीत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुरावा हवा असेल तर त्याने मूळ साधनांकडे वळावे, म्हणजे ज्यांनी हे अल्बम केले त्या माणसांकडे. श्रेष्ठ काय आणि फुगवलेले काय, हा वाद समीक्षकांच्या आधी त्या बँडमध्येच झडला होता आणि त्यापायी माणसे बँड सोडून गेली होती.

३/
आरंभ १९६९ चा. ५ जुलै रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी एक जवळजवळ अनोळखी बँड उभा राहिला : किंग क्रिम्झन. ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. मेलोट्रॉनचे घनगंभीर सूर, जॅझचा विस्कटलेला आवेग, आणि मुखपृष्ठावर किंचाळणारा एक लालसर चेहरा. रॉकची तबकडी म्हणजे नुसती गाण्यांची मोळी नसून ती एक सलग रचना असू शकते, हे या अल्बमने ठसठशीतपणे दाखवले.

डिसेंबरमध्ये, पहिल्याच अमेरिकी दौऱ्याअखेर, इयन मॅकडोनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी बँड सोडला. तो चेहरा रंगवणारे बॅरी गॉडबर फेब्रुवारी १९७० मध्ये वारले. वय अवघे चोवीस. त्यांनी केलेले अल्बमचे मुखपृष्ठ हे एवढेच.

४/
हा क्रम पुढेही दिसतो. जेनेसिसच्या 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' (१९७४) या जोडअल्बमनंतर पीटर गॅब्रिएल बाहेर पडले. क्रिम्झनचा 'रेड' त्याच वर्षी दुकानांत पोहोचला, तेव्हा रॉबर्ट फ्रिप यांनी बँड मोडल्याला काही दिवसच झाले होते. परंतु या सगळ्यांत येस या बँडची कथा अधिक बोलकी आहे, कारण तिच्यात एका वर्षाच्या अंतराने आलेले दोन अल्बम आहेत. एक बहुतेकांच्या यादीत वरच्या पाचांत असतो. दुसरा अनेकांच्या मते या संपूर्ण प्रकाराच्या ऱ्हासाचा पुरावा आहे.

५/
'क्लोज टू द एज' सप्टेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण तीनच गाणी. पहिली बाजू व्यापणारे शीर्षकगीत सुमारे एकोणीस मिनिटांचे. त्याच्यामागे हेर्मान हेसे यांच्या 'सिद्धार्थ' या कादंबरीची प्रेरणा होती, म्हणजे नदीकाठी बसून प्रवाहाचा आवाज ऐकत राहणाऱ्या त्या साधकाची.

लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले ते मात्र साधकाच्या शांततेत नव्हे. एक तुकडा वाजवायचा, थांबायचे, भांडायचे, पुढचा तुकडा वाजवायचा आणि एडी ऑफर्ड यांनी फिती कापून जोडायच्या. ऐकताना जे अखंड वाहते असे वाटते, ते प्रत्यक्षात ठिगळाठिगळाने शिवलेले आहे. शिवण दिसत नाही, यातच त्याचे मोठेपण.

६/
ड्रमवादक बिल ब्रुफर्ड या पद्धतीला विटले. अल्बम पूर्ण होताच, तो बाजारात येण्याच्याही आधी, त्यांनी येस सोडला आणि ते किंग क्रिम्झनमध्ये गेले. यापेक्षा चांगले या मंडळींसोबत आपल्या हातून होणार नाही, असे आपल्याला वाटले होते, असे ते पुढे सांगत आले. यशाच्या ऐन शिखरावर, पैसा येऊ लागलेला असताना, अधिक अवघड आणि कमी खपणाऱ्या संगीताकडे वळणारा हा माणूस. (जाता जाता : याच ब्रुफर्ड यांनी निवृत्तीनंतर २०१६ मध्ये सरे विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. प्रबंध रखडलेल्यांनी नोंद घ्यावी.)

त्यांच्या जागी ॲलन व्हाइट आले. अमेरिकी दौरा तोंडावर होता आणि ती सगळी वेडीवाकडी लय अवघ्या काही दिवसांत आत्मसात करायची होती. त्यांनी ती केली आणि २०२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते येसचेच राहिले.

७/
आता कथेतला खरा दुवा. मार्च १९७३. ब्रुफर्ड यांचे लग्न. जुन्या बँडमधून गायक जॉन अँडरसन आलेले, नव्या बँडमधून तालवादक जेमी म्यूर. हे म्यूर लवकरच संगीत बाजूला ठेवून स्कॉटलंडमधील एका बौद्ध मठात राहायला गेले. त्या लग्नात त्यांनी अँडरसन यांना एक पुस्तक वाचायला सुचवले : परमहंस योगानंद यांचे १९४६ सालचे योगी-आत्मचरित्र.

ब्रिटिश रॉकला हे नाव नवखे नव्हते. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'च्या मुखपृष्ठावर (१९६७) योगानंदांचा चेहरा झळकून गेला होता. पण अँडरसन यांनी पुस्तकातून जे उचलले, ते ना क्रियायोग होते ना हिमालयातले चमत्कार. त्यांनी उचलली एक तळटीप.

८/
जपानच्या दौऱ्यावर, टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत, पृष्ठ ८३ वरची एक लांबलचक तळटीप त्यांच्या वाचनात आली. अल्बमच्या वेष्टनावरील टिपणात त्यांनी पृष्ठक्रमांकासकट हे नोंदवले आहे. शास्त्रांचे चार वर्ग कोणते, एवढेच ती सांगते : श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. महाराष्ट्रातल्या कोणत्याही कीर्तनाच्या श्रोत्याला ही नावे सवयीची असतात. लँकेशायरमधून आलेल्या त्या गायकाला मात्र त्यांत एका भव्य रचनेचा आराखडा दिसला. चार शास्त्रे, चार गाणी, दोन तबकड्यांच्या चार बाजू.

९/
'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'ची गाणी आपल्या शब्दांशी ताडून पाहावीत. पहिल्याच्या नावात ईश्वरी ज्ञानाचे प्रकट होणे आहे, ती श्रुती. दुसऱ्याचे नाव 'द रिमेंबरिंग', म्हणजे स्मरण, म्हणजे स्मृती. तिसरे 'द एन्शंट', पुराण. चौथे 'रिच्युअल', तंत्र. ही जवळजवळ शब्दकोशातून केलेली भाषांतरे आहेत. गाण्यांच्या आत वेद नाहीत, पुराणकथाही नाहीत. आत आहेत ते अँडरसन यांचे स्वतःचे समुद्र, सूर्य आणि आठवणी. तळटीप पाया म्हणून घेतली गेली नव्हती, मचाण म्हणून घेतली गेली होती. त्यामुळे शास्त्रांचा अपमान झाला असे म्हणणारे आणि अल्बममध्ये वेदान्त शोधणारे, दोघेही तिथे नसलेल्या गोष्टीवर भांडतात.

१०/
अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांनी दौऱ्यातल्या हॉटेलांच्या खोल्यांत, मेणबत्तीच्या उजेडात, सगळा आराखडा बांधला. जॉर्जियातील सवाना येथे एक बैठक रात्रभर चालून सकाळी सातला संपली. उरलेल्या तिघांना तयार नकाशा मिळाला आणि सर्वांना तो सारखाच रुचला असे झाले नाही. कीबोर्डवादक रिक वेकमन तर पहिल्यापासून नाखूश होते.

११/
वेकमन यांचा आक्षेप नीट समजून घेण्यासाठी तबकडीचे यंत्रशास्त्र थोडे पाहावे लागते. लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचे संगीत सुखाने बसते. त्याहून अधिक कोंबायचे तर खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरवावी लागते आणि खर्जाचा भार कमी करावा लागतो. सुई मध्याकडे सरकते तसे तिच्याखालून दर सेकंदाला जाणाऱ्या खाचेचे अंतर घटते, त्यामुळे बाजूच्या अखेरीस सुरांची धार बोथट होते. 'एका बाजूचे गाणे' हा प्रोग्रेसिव्ह रॉकचा लाडका आकार कलेइतकाच या प्लास्टिकने घडवला आहे.

१२/
वेकमन यांचे म्हणणे सरळ होते. हाती असलेले संगीत एका तबकडीला जास्त आणि दोन तबकड्यांना कमी होते. रचना चार बाजूंची ठरून गेल्यामुळे उरलेली जागा भरणे आले आणि ती भरली गेली. चारही गाणी अठरा ते बावीस मिनिटांची. एकूण ऐक्याऐंशी मिनिटे.

हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण तो 'आडंबर' या ढोबळ शिवीपेक्षा नेमका आहे. 'क्लोज टू द एज'मध्ये संगीत वाढत गेले आणि बाजूच्या कडेशी येऊन थांबले. 'टेल्स'मध्ये कडा आधी आखल्या गेल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूवर ते कानाला जाणवते. पहिली बाजू आणि चौथीचा उत्तरार्ध मात्र येसच्या उत्तम कामाच्या तोडीचा आहे आणि तो न ऐकता अल्बमची टिंगल करणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे.

१३/
अल्बम डिसेंबर १९७३ मध्ये आला. इंग्लंडमधला दौरा त्याआधीच, नोव्हेंबरमध्ये सुरू झाला होता. म्हणजे तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे कधीही न ऐकलेले ऐंशी मिनिटांचे संगीत सलग वाजवले जात होते.

मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला प्रसंग प्रसिद्ध आहे. वेकमन यांचा तंत्रज्ञ ऑर्गनखाली आडवा पडून असे. कार्यक्रमानंतर काय खाणार, असे त्याने विचारले. वेकमन यांनी सांगितले : चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, पराठा. काही वेळाने कार्यक्रम चालू असतानाच ते सगळे ऑर्गनपाशी हजर झाले. वेकमन यांनी रंगमंचावरच जेवण मांडले आणि अँडरसन येऊन एक पापड उचलून गेले.

१४/
साधनचिकित्सा इथेही हवी. हा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो मुख्यतः वेकमन यांच्या तोंडून, आणि ते कसलेले विनोदी कथेकरी आहेत. तपशील दर वेळी थोडे खुलत गेले असतील. तरीही चित्र विसरता येत नाही. रंगमंचाच्या एका बाजूला श्रुती-स्मृतींवरून बेतलेले गाणे, दुसऱ्या बाजूला विंदालू. पोर्तुगिजांच्या पाककृतीतून गोव्यात जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये जाऊन तिखटपणाची परीक्षा बनलेला पदार्थ. सोबत बॉम्बे आलू, जो या नावाने मुंबईत मागितला तर वेटर बुचकळ्यात पडेल. १९७३ च्या इंग्लंडला हिंदुस्थान या दोन वाटांनी भेटत होता आणि त्या रात्री दोन्ही वाटा एकाच मंचावर होत्या.

१५/
मे १९७४ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, वेकमन यांनी येस सोडला. त्याच महिन्यात त्यांचा स्वतःचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यूल व्हर्नची कथा, सोबत पूर्ण वाद्यवृंद, गायकवृंद आणि निवेदक. आडंबराच्या विरोधात बाहेर पडलेल्या माणसाचे हे काम आहे, हे चाहते सोयीने विसरतात.

१६/
यानंतर पाठ्यपुस्तकी कथा अशी सांगितली जाते : 'टेल्स'सारख्या अल्बमनी श्रोते कंटाळले, पंक आले आणि डायनोसॉर मेले. कथा सुटसुटीत आहे. पुरावे तितके सुटसुटीत नाहीत. 'टेल्स' स्वतः इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता. १९७७ च्या उन्हाळ्यात, पंकच्या ऐन भरात, येसचा 'गोइंग फॉर द वन' त्याच स्थानी होता, आणि त्यावर कीबोर्ड वाजवत होते परत आलेले वेकमन. इमर्सन, लेक अँड पामर यांचे 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन' त्याच सुमारास एकेरी गाण्यांच्या यादीत दुसरे होते.

पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर द्वेषाचे शब्द लिहून फिरणाऱ्या सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडन यांनी जुलै १९७७ मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीची गाणी लावली. त्यांत पीटर हॅमिल होते, म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग्रेसिव्ह बँडचे गायक. क्रांतीचा इतिहास क्रांतिकारकांच्या टी-शर्टवरून लिहिला की असे होते.

१७/
ही मंडळी स्वतःवर कधी हसलीच नाहीत, हा आरोपही तपासून घ्यावा. 'ॲक्वालंग'ला समीक्षकांनी संकल्पना-अल्बम ठरवले तेव्हा जेथ्रो टलच्या इयन अँडरसन यांनी वैतागून १९७२ मध्ये त्या प्रकाराचे विडंबनच रचले : 'थिक ॲज अ ब्रिक'. दोन्ही बाजू मिळून एकच गाणे, कवी म्हणून आठ वर्षांचा एक काल्पनिक मुलगा, वेष्टन म्हणून अख्खे खोटे वृत्तपत्र. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला आणि आज संकल्पना-अल्बमच्या गंभीर याद्यांत मानाने बसतो.

१८/
मग श्रेष्ठ कोणता? प्रभावाच्या कसोटीवर 'क्रिम्झन किंग'ला तोड नाही. खपाच्या कसोटीवर 'डार्क साइड'. १९७३ ते १९८८ या काळात तो बिलबोर्डच्या यादीत ७४१ आठवडे होता. पण माध्यमाची मर्यादा आणि संगीताची झेप एकमेकींत पुरती मिसळणे ही कसोटी मानली, तर 'क्लोज टू द एज'चे पारडे जड राहते, आणि त्या बाजूचा मोठा साक्षीदार म्हणजे तो संपवून निघून गेलेला ड्रमवादक. 'टेल्स' त्या पंक्तीत बसत नाही. मात्र निवडक पाच ऐकणाऱ्याने तो सहावा म्हणून ऐकावा, शक्यतो एका दिवशी एकच बाजू.

१९/
एक शेवटची नोंद. कॉम्पॅक्ट डिस्क आली तेव्हा बाजू उलटण्याचे बंधन संपले. 'क्लोज टू द एज' तिच्यावर बसून जवळजवळ अर्धी जागा रिकामी राहिली. 'टेल्स'ची ऐक्याऐंशी मिनिटे मात्र तिथेही एका डिस्कवर मावली नाहीत. तो पुन्हा दोन तबकड्यांचाच झाला.