गुंडाळीफळा आणि काड्यांचे गठ्ठे

आम्ही साताऱ्याला बी.एड. केले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. जूनमध्ये प्रवेश, पावसाळ्यात सूक्ष्म अध्यापन, दिवाळीनंतर पाठांची धांदल आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा. एवढ्या काळात शिक्षक घडतो असे सगळ्यांनीच गृहीत धरले होते.

नव्या शैक्षणिक विचारांची ओळख व्हायची ती तत्त्वज्ञानाच्या पेपरात. रूसो, फ्रोबेल, माँटेसरी, ड्यूई, मग टागोर आणि गांधी हा क्रम ठरलेला. प्रत्येकाच्या नावाखाली तेच मथळे: जीवन, शिक्षणाची ध्येये, अभ्यासक्रम, शिस्त, शिक्षकाचे स्थान. सर संथपणे सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. ड्यूईने 1896 मध्ये शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली, हे मला अजून तोंडपाठ आहे. त्या शाळेत मुले स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करत शिकत होती हेही.

आणि कॉलेजापासून जवळच कर्मवीरांच्या वसतिगृहाची धनिणीची बाग होती! कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवत. दळण, स्वयंपाक, शेतातली कामे मुलांनीच करायची आणि शिकायचे. वसतिगृहाच्या खर्चासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. 1927 मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. 1935 मध्ये कर्मवीरांनी ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. खेड्यात शिकवायचे तर शिक्षक खेड्यातूनच तयार झाला पाहिजे, हा विचार त्यामागे होता. ड्यूईच्या शेजारी बसवावे असे हे काम; पण आमच्या टिपणांत ते 22 सप्टेंबरच्या जयंतीच्या भाषणापुरतेच आले. नव्या विचारांचा पत्ता परदेशातला असतो, असा आमचा ठाम समज होता.

पाठांचे मात्र दिवस होते! सूक्ष्म पाठाला सहा मिनिटे. वर्गातले आठ-दहा सोबती विद्यार्थी होऊन बसायचे, मागे निरीक्षक घड्याळ आणि तक्ता घेऊन. प्रबलन कौशल्य असेल तर ‘छान’, ‘शाब्बास’ किती वेळा म्हटले याच्या उभ्या रेघा ओढायच्या. मग प्रत्याभरण, पुन्हा टाचण, पुन्हा पाठ. प्रत्यक्ष शाळेवर पाठ असला की गुंडाळीफळा काखेत, तक्ते पिशवीत आणि पाठ टाचणाची वही छातीशी धरून एसटी गाठायची. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन. एक पायरी चुकली तरी शेरा लाल शाईत. त्या शिस्तीने मला फळ्यावर सरळ लिहायला आणि वेळ पाळायला शिकवले, याबद्दल मी आजही ऋणी आहे. पण समोरच्या मुलाला काय कळले, हे विचारणारा रकाना त्या निरीक्षण तक्त्यात नव्हता.

पुढे सांगलीत शिक्षकांना शिकवण्याचे काम करताना अभ्यासक्रम डोळ्यांसमोर बदलत गेला. 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि पियाजे, वायगॉट्स्की, ब्रूनर ही नावे मानसशास्त्राच्या कोपऱ्यातून वर्गाच्या मधोमध आली. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि छात्रशिक्षकाला वीस आठवडे शाळेत राहणे आले. ‘समकालीन भारत आणि शिक्षण’ हा विषय सक्तीचा झाला. आजच्या छात्रशिक्षकापुढे जात, लिंगभाव, भाषा, अपंगत्व हे प्रश्न पहिल्याच वर्षी येतात. आमच्या वेळी ही चर्चा फार तर चहाच्या टपरीवर व्हायची. हा बदल मला मनापासून चांगला वाटतो.

त्याहून मोठा बदल जिल्हा परिषदेच्या शाळांत झाला. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपले ज्ञान स्वतः रचते हा विचार, खडू, खडे आणि काड्यांवर उतरवला. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला येऊ लागले. अशाच वळणाच्या एका शाळेत मी दुसरीतली मुलगी पाहिली. बावन्नातून सतरा घालवायचे होते. तिच्यापुढे दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. सात काढायला सुट्या पुरेनात, तशी ती थांबली. मग एका गठ्ठ्याचे रबर काढले, काड्या पसरल्या आणि शेजारच्या मुलाला म्हणाली, ‘‘दशक मोडला की झालं.’’ हातच्याची रीत तिला कुणी फळ्यावर सांगितलेली नव्हती. बाई हाताची घडी घालून नुसत्या पाहत होत्या. आमच्या निरीक्षकांनी या पाठाला किती गुण दिले असते, कोण जाणे; शिक्षक बोललाच नाही!

फलटणलाही असेच. मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले. मुलाला मराठी वाचायला कसे शिकवावे, यावर तिथे वर्षानुवर्षे चिकाटीने काम झाले. म्हणजे ज्या जिल्ह्यात आम्ही ड्यूई पाठ करत होतो, तिथेच पाहण्यासारखे केवढे तरी उभे राहत होते.

आज कमी पडते ते वाचन. आमच्याकडे पुस्तके थोडी होती, पण नगर वाचनालयात बसून ती संपवत असू आणि त्यांवरून भांडत असू. आता मोबाईलवर सगळे आयते येते, आणि पाओलो फ्रेरीही चार ओळींच्या टिपणात उरकतो. मी दोष छात्रशिक्षकांना देत नाही. शिक्षक होण्यासाठी आधी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पवित्र पोर्टलवरची वाट पाहणे. या रांगेत उभ्या असलेल्या मुलीने संपूर्ण पुस्तक कधी वाचावे? सांगलीत तर 2019 च्या महापुराने जिल्हा नगर वाचनालयाची असंख्य पुस्तके चिखलात घातली.

2020 च्या धोरणाने चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. आणले आहे. 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता तीच होणार, असे धोरण सांगते. पुन्हा नवे पेपर येतील, नव्या टिपणांच्या झेरॉक्स निघतील. सातारा-सांगलीच्या अध्यापक महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. ज्ञानरचनावादाचे युनिट फळ्यावर सुरू करण्याआधी छात्रशिक्षकांना जिल्हा परिषदेच्या एका चांगल्या शाळेत दिवसभर बसवा, आणि परत आल्यावर एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला लावा.