जंजिरा म्हणजे बेट

आमच्या अल्लीपूरला समुद्राचं काही सोयरसुतक नाही. वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका, चारी बाजूंनी कापूस आणि तूर. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, इतकीच आमची पाण्याशी ओळख. पण 'जझीरा' हा शब्द मात्र लहानपणापासून कानावर होता. मकतबमध्ये मौलवीसाहेब 'जझीरतुल अरब' म्हणायचे, तेव्हाच कळलं होतं की अरबीत जझीरा म्हणजे बेट. मुरूडच्या किल्ल्याचं नाव त्याच शब्दावरून आलं. म्हणजे 'जंजिरा बेट' म्हणणं 'बेट बेट' म्हणण्यासारखंच झालं!

हा शब्द किती फिरला पाहा. अल्जीरियाच्या नावात तो आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावरचे लोक कॅथलिक ख्रिस्ती, पण त्यांची भाषा अरबीतून निघालेली. तिथं बेटाला आजही 'ग्झीरा' म्हणतात, आणि चर्चमध्ये प्रार्थना करताना देवाला 'अल्ला' म्हणतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही. आपल्याकडेही वाटत नसे. जुन्या मराठी कागदांत समुद्रातला कुठलाही किल्ला म्हणजे जंजिराच. शिवाजी महाराजांनी मालवणला बांधलेला सिंधुदुर्गसुद्धा 'जंजिरे सिंधुदुर्ग'.

गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या कुटुंबासोबत जायचा योग आला. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास, मुंबईहून पुढे एसटी, मुरूडहून रिक्षाने राजपुरी. तिथून शिडाची होडी. लांबून पाहिलं तर समुद्रात नुसती काळी भिंत. आत जायची वाट कुठे आहे हेच कळत नाही. होडी अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या मध्ये दडलेला दरवाजा दिसतो. भिंतीला किनारा नाही, वाळू नाही. ती सरळ पाण्यातूनच वर आलेली. होडी हलत असते, नावाडी हात देतो, लाट पायरीशी आली की उडी मारायची. माझ्या बहिणीने त्या क्षणी जेवढ्या दुआ पुटपुटल्या, तेवढ्या हजच्या अर्जाच्या वेळीही पुटपुटल्या नसतील.

गाईड लगेच सुरू झाला. किती वेढे पडले, कुणी कुणाला हरवलं, किल्ला कसा अजिंक्य राहिला. ऐकता ऐकता माझ्या भाचीने माझा हात ओढला. घरी आम्ही हिंदीच बोलतो. पण तिने विचारलं मराठीत, कारण चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक तिने मराठीतच वाचलेलं. "मामू, तेव्हा आपण कुणाच्या बाजूने होतो?"

बाकीचे पर्यटक गप्प झाले असं मला वाटलं. कदाचित फक्त वाटलंच असेल. अशा जागी आमच्यासारख्या नावांच्या माणसांना हा प्रश्न न विचारताही विचारलेला असतो. तिने फक्त तो मोठ्याने विचारला.

तिला दर्या दरवाजापाशी सावलीत बसवलं आणि मला ठाऊक होतं ते सांगितलं. हे बेट आधी कोळ्यांचं. चाच्यांपासून जीव वाचवायला त्यांनी इथं लाकडी मेढेकोट उभारला. निजामशाहीच्या माणसांनी तो कपटाने घेतला असं म्हणतात, आणि पुढे सोळाव्या शतकात दगडी कोट झाला. सिद्दी आले आफ्रिकेतून, हबसाणातून. कुणी गुलाम म्हणून, कुणी शिपाई म्हणून, कुणी खलाशी म्हणून. शिवाजी महाराजांना हे बेट हवं होतं, कारण सिद्दीच्या स्वाऱ्यांनी कोकणातल्या रयतेला जगणं मुश्कील केलं होतं. तो त्रास खरा होता, तो लपवायचं कारण नाही. १६७०च्या सुमारास सिद्दी फत्तेखान किल्ला महाराजांना द्यायला निघाला, तर त्याच्याच सिद्दी सरदारांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी धरली. १६७६ मध्ये लाय पाटील नावाच्या कोळ्याने जिवावर उदार होऊन रात्री या तटाला शिड्या लावल्या, पण मागून येणारी माणसं वेळेवर पोचली नाहीत. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाटच बांधायला घेतली होती. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे ते काम अर्धं राहिलं.

मग मी तिला दौलतखानाचं सांगितलं. मराठ्यांच्या आरमाराचा हा सरदार. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी लढला, मायनाक भंडाऱ्याच्या सोबतीने. इकडे सिद्दीच्या गलबतांवर कोळी खलाशी होते. आता सांग, कोण कुणाच्या बाजूने?

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग तुम्ही दौलतखान."

मला तोफांपेक्षा तळ्याचं जास्त नवल वाटलं. कलालबांगडी तोफेपाशी फोटोसाठी रांग होती, आणि तळ्यापाशी फारसं कुणी थांबत नव्हतं. बेट जेमतेम २२ एकरांचं. सभोवार खारं पाणी, आणि मधोमध गोड्या पाण्याची दोन तळी, चिरेबंदी, काठाला कमानी. आज पाणी शेवाळाने हिरवं आहे, पण किल्ला इतकी वर्षं टिकला त्याचं अर्धं उत्तर तिथंच आहे. वेढा घालणाऱ्याला आषाढ लागायच्या आत गलबतं किनाऱ्यावर ओढून घ्यावी लागत, कारण पावसाळ्यात हा समुद्र कुणाचा नसतो. आतल्यांना मात्र तोच पाऊस तळी भरून देई. टँकरच्या गावात वाढलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

आत आता झाडांचं राज्य आहे. तीन मजली वाड्याच्या भिंतीच तेवढ्या उभ्या आहेत, त्यांच्या फटींतून वड-पिंपळाची मुळं उतरलेली. दगडाचे सांधे तोफेला दाद देत नव्हते म्हणतात. मुळांनी ते सावकाश उघडले. तटावर उभं राहिलं की एका बाजूला महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग दिसतो, दुसऱ्या बाजूला डोंगरावरचं दाट जंगल. मुरूडजवळचं फणसाडचं जंगल पूर्वी नवाबाच्या शिकारीचं. १९८६ पासून अभयारण्य आहे. आता तिथं शेकरू निर्धास्त उड्या मारते.

संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. नवाब सिद्दी अहमदखानांच्या बेगम नाझली आणि त्यांची बहीण अतिया फैझी यांच्यामुळे या छोट्या संस्थानाचं नाव उर्दू जगात पोचलं. शायर इक्बालची अतियांना लिहिलेली पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यावर कधी सवडीने लिहीन.

परतताना होडीत कोळी नावाडी सुकाणूवर आणि शिडाच्या दोरीला दाढीवाले चाचा. दोघांचं भांडण चाललं होतं डिझेलच्या भावावरून. भाची झोपली होती.

कुणाला जायचं असेल तर पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा दिवाळीनंतर जा. सकाळी लवकर निघा. आणि प्यायला पाण्याची बाटली सोबत ठेवा.