हक्क कुणाचा शब्द?

मानवी हक्क हे पाश्चात्त्यांचे खूळ, आपल्या तहजीबीत ते कशाला, असे आमच्या बैठकीत नेहमी म्हटले जाते. गंमत अशी की 'हक्क' हा शब्दच मुळी अरबी! १९४८ च्या जाहीरनाम्याच्या चर्चेत पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इकरामुल्ला होत्या. पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' काढून 'सर्व माणसे' घालायला लावले ते भारताच्या हंसा मेहतांनी.

आम्ही आलापल्लीत राहतो. इकडच्या अनेक माडिया गावांच्या कडेला कुर्माघर असते. पाळीच्या दिवसांत बायकांनी तिथेच राहायचे. २०१५ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ही प्रथा बंद करण्यास राज्य सरकारला सांगितले. पुढे एका संस्थेने काही गावांत पक्की कुर्माघरे बांधून दिली. पलंग, संडास, पाणी, सौरदिवे. बायकांची सोय झाली, पण प्रथेलाही पक्क्या भिंती मिळाल्या. अर्थात गळक्या झोपडीत पावसाळा काढणाऱ्या बाईला हे ऐकवून काय उपयोग?

कुर्माघराला जुलूम म्हणताना आमचे लोक अडखळत नाहीत. २०१७ साली शायरा बानोंच्या खटल्यात एका दमातला तलाक रद्द झाला, तेव्हा मात्र त्यातल्याच अनेकांना आपली संस्कृती आठवली. त्या बैठकीत एकही बाई नव्हती.