कामाला लावणारे शब्द

मित्र आणि सहकारी धीर देतात, त्यातले बहुतेक शब्द कौतुकाचे असतात. मन उभारी धरतं आणि चार दिवसांत ती ओसरते. माझं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं पुरणारं प्रोत्साहन वेगळं असतं. ते आपली स्तुती करत नाही, आपल्या तोलामोलाचं काम दाखवतं आणि ते आपल्या हातून होईल असं गृहीत धरतं. तिरुवैयारुला कावेरीकाठी याचा पुरावा उभा आहे. 1847 मध्ये कर्नाटक संगीतातले संतकवी त्यागराज तिथे निवर्तले, त्यानंतर त्यांच्या समाधीची आबाळ होत गेली. शिष्यपरंपरेनं मध्यंतरी डागडुजी केली, पण ती टिकली नाही. समाधीची ती अवस्था पाहून म्हैसूरचे गायक बिडारम कृष्णप्पा यांनी मद्रासला आपल्या शिष्येला, बंगळूर नागरत्नम्मांना, पत्र लिहिलं. 1921 मध्ये बांधकामाला हात लागला आणि काही वर्षांत समाधीवर मंदिर उभं राहिलं.

या पत्राचं मोल कळायला नागरत्नम्मांचं आधीचं आयुष्य पाहावं लागतं. त्या देवदासी कुळातल्या, नावाजलेल्या गायिका आणि विदुषीही. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या प्रतापसिंह राजांच्या दरबारी कवयित्री मुद्दुपळनी हिचं ‘राधिका सांत्वनम्’ हे तेलुगू काव्य त्यांनी संपादून 1910 मध्ये छापवलं. त्यावर अश्लीलतेचा शिक्का बसला, इंग्रज सरकारनं बंदी घातली आणि ती 1947 पर्यंत उठली नाही. जिच्या विद्वत्तेला तिच्या जन्मावरून हिणवलं गेलं, तिच्यावरच गुरूनं संतकवीच्या समाधीची जबाबदारी सोपवली. कौतुकाच्या दहा पत्रांत मावला नसता एवढा विश्वास त्यात होता.

यावर कुणी म्हणेल, हे श्रेय पत्राचं नाही, भक्तीचं आहे. त्यागराजांनी स्वप्नात दर्शन दिल्याचं खुद्द नागरत्नम्मा सांगत. मला यात विरोध दिसत नाही. भक्तीनं ओढ लावली. कुठे जायचं आणि काय सावरायचं, हे गुरूच्या डोळ्यांनी दाखवलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. थोर माणसाला दुसऱ्याच्या शब्दाची गरज कशाला? तंजावरच्या सरफोजी राजांचं बोलावणं त्यागराजांनी नाकारलं, असंच परंपरा सांगते ना? पण नाकारला तो राजाश्रय, सोबत नव्हे. वालाजापेट वेंकटरमण भागवतरांसारख्या शिष्यांनी त्यांच्या कृती लिहून जपल्या, आणि त्यांच्या पंचरत्न कृतींपैकी श्रीरागातली तर साऱ्या थोरांना केलेलं वंदनच आहे. स्वाभिमानी माणूसही आपल्या मार्गावरच्या माणसांशी नातं तोडत नाही.

तिसरा आक्षेप असा, की संकट लांबलं की शब्द अपुरे पडतात. हे खरं आहे. मंदिर नागरत्नम्मांनी बांधलं, पण त्यागराजांच्या पुण्यतिथीला तिथे होणाऱ्या आराधनेत पुरुषांचे दोन तट होते आणि स्त्रियांना गायला मज्जाव होता. तेव्हा एका पत्राच्या आधारावर त्या तगल्या असत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनी गायिकांना जमवून स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. म्हणजे गुरूकडून मिळालं तेच पुढे इतरांना दिलं, नुसता धीर न देता गाण्याची जागा दिली. 1940 च्या सुमारास तट मिटले आणि स्त्रियाही आराधनेत गाऊ लागल्या. आज पौष वद्य पंचमीला शेकडो कलावंत पंचरत्न कृती एकत्र गातात.

म्हणून खचलेल्या सहकाऱ्याला निरोप धाडताना ‘तू छान करतोस’ एवढ्यावर थांबू नये. त्याच्या नजरेची आणि हाताची कुठे गरज आहे, ते नेमकं सांगावं. स्तुतीला उत्तर म्हणून आभार पुरतात; विश्वासानं सोपवलेल्या कामाला उत्तर देताना माणूस स्वतः उभा राहतो, आणि नागरत्नम्मांसारखा एखादा इतरांनाही उभं करतो.