बाबांबरोबर बागायतीत

वार्षिक परीक्षा आटोपून मे महिन्याची सुट्टी लागली, तेव्हा आमच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यातच बाबांनी कचेरीतून आठ दिवसांची रजा घेतली आणि "या सुट्टीत आपण बागा हिंडू," असे जाहीर केले. आम्हा दोघा भावंडांच्या डोळ्यांपुढे झोपाळे, कारंजी आणि आइस्क्रीमच्या गाड्या नाचू लागल्या.

पहिल्या दिवशी तुयेहून निघून, शापोरा नदी ओलांडून, म्हापशामार्गे आम्ही पणजीस गेलो. चर्चजवळच्या उद्यानाला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. बाबांनी आम्हाला सावलीत बसवून त्याची हकीकत सांगितली. १५३४ साली तो गोव्यात आला. येथील वैद्यांना व व्यापाऱ्यांना विचारून त्याने वनस्पतींची माहिती जमविली आणि १५६३ साली गोव्यातच आपला ग्रंथ छापविला. तो ग्रंथ संवादरूप आहे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे!

दुसऱ्या दिवशी मात्र बाबा आम्हाला घेऊन गेले ते डोंगरावरील आमच्याच बागायतीत. आमचा हिरमोड झाला. गेल्या वर्षी आजी निवर्तली, तेव्हापासून तेथे कोणी फिरकले नव्हते. रान माजले होते, गडगा दोन ठिकाणी ढासळला होता. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथील विमानतळ सुरू झाल्यापासून या जमिनीविषयी आमच्या दारी दोन-तीनदा विचारणा झाली होती. बाबा विकण्याच्या विचारात आहेत, हे आम्हाला घरातील बोलण्यावरून ठाऊक होते.

"हे झाड कसले?" आम्ही विचारले. बाबा क्षणभर थांबले. "आजीला ठाऊक होते," एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या मावशींना बोलावून आणले. त्या कित्येक वर्षे आजीबरोबर बागायतीत राबल्या होत्या. काजूचा हंगाम सरत आला होता. खिळा ठोकलेल्या काठीने बोंडू टोचून उचलावा, बी पिरगाळून निराळी करावी, आणि ती दातांनी कधीही फोडू नये, कारण सालीतील तेलाने तोंड भाजते, हे त्यांनी आम्हाला शिकविले. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, असे बाबांनी सांगताच त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे पाहुणाच की! पण आता तो घरचा झाला."

त्या नावे सांगत गेल्या आणि बाबा आमच्या वहीत लिहीत गेले. आमचे बाबा विद्यार्थ्यासारखे खाली बसून लिहीत आहेत, हे दृश्य आम्ही प्रथमच पाहिले.

गडग्याजवळ एक उंच आंबा होता. "याला नाव ते काय?" मावशी म्हणाल्या. "अरे बाबू, तू चौथीत असताना मानकुरादाची कोय पुरलीस, ती हीच. कोयीपासून झाड वाढविले, की फळ मूळ आंब्यासारखे येईलच असा नेम नसतो. हा निघाला आंबट, बारीक. तू निराश होऊन पुन्हा इकडे पाहिले नाहीस. तुझ्या आईने मात्र तोडू दिला नाही. दरवर्षी सासव करायची ना? ते याच आंब्यांचे."

ते सासव आम्ही दरवर्षी बोटे चाटून खाल्ले होते. बाबांनीही खाल्ले होते. आंबे कोठले, हे आम्हांपैकी कोणीही आजीला कधी विचारले नव्हते. बाबा बराच वेळ त्या झाडाखाली उभे राहिले. मग वही आमच्या हाती देऊन म्हणाले, "हे तुम्ही लिहा. माझे अक्षर नीट येत नाही."

रजेचे उरलेले दिवस आम्ही तेथेच घालविले. रान साफ केले, गडग्याचे दगड पुन्हा रचले आणि टोपलीभर आंबे घरी आणले. आईने सासव केले. ते आजीच्या हातचे नव्हते, तरी पातेले रिकामे झाले.

बागायत राहील की जाईल, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही. बाबांनी तूर्त निर्णय पुढे ढकलला आहे. वहीत एकतीस झाडांची नोंद झाली आहे. एका झाडापुढची जागा मात्र कोरी आहे. त्याचे नाव मावशींनाही सांगता आले नाही.