नुसता स्टॉक

"मॅम, इसमें फिश नहीं है. सिर्फ फिश का स्टॉक है."

हे वाक्य मला हसतमुखानं, हात मागे बांधून, किंचित वाकून सांगण्यात आलं. सांगणारा विशी-पंचविशीतला कॅप्टन होता. त्याचा चेहरा मी विसरले, वाक्य काही डोक्यातून जात नाही. ऑफिसात कुणी थातुरमातुर उत्तर दिलं की हल्ली मी म्हणते, "म्हणजे फिश नाही, नुसता स्टॉक." ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण मला बरं वाटतं.

प्रसंग साधाच होता. लेकीचा दहावीचा निकाल लागला. ती जपानी कार्टून बघत मोठी झालेली. त्यातला तो नारुतो वाडगेच्या वाडगे रामेन ओरपतो, तेव्हापासून हिला रामेन खायचं होतं. लोअर परळच्या एका मॉलमध्ये चिनी-जपानी असं दोन्ही मिळणारं, फार महाग नाही आणि फार स्वस्तही नाही असं एक हॉटेल तिनं शोधून ठेवलं होतं. आणि आजी आलीच पाहिजे, ही अट.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. सातारा जिल्ह्यातल्या, माळकरी. मी मालवणची; माहेरी मासा नाही तो दिवस उपासाचा. घरात माशाचा तवा वेगळा, कढई वेगळी, आणि इतक्या वर्षांत त्यावरून कधी वाजलं नाही. आईंना बाहेरच्या खाण्याचं वावडं मुळीच नाही. उडप्याकडचं गोबी मंचुरियन त्या चवीनं खातात. त्या मंचुरियनचा चीनशी संबंध तसा बेताचाच. 1975 मध्ये नेल्सन वँग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्यानं मुंबईच्या क्रिकेट क्लबात आलं-लसूण-मिरची, सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात, तेही चिकनचं. फ्लॉवर त्यात नंतर आला. म्हणजे आईंचं 'चायनीज' आमच्या मुंबईतच जन्मलेलं, आणि त्यांना ते तसंच हवं असतं.

तर आम्ही बसलो. मेन्यूत प्रत्येक पदार्थापुढे चिन्ह होतं; व्हेजपुढे हिरवं पान. मी आईंसाठी व्हेज सेट मागवला: काकडीची सुशी, भात, भाज्यांचा टेम्पुरा, मिसो सूप. चौघांत ऑर्डर देणारी मी, म्हणून विचारणारीही मीच. अंडं आहे का? नाही. तेल वेगळं आहे का? येस मॅम. पूर्ण व्हेज ना? हंड्रेड परसेंट, मॅम. यापेक्षा जास्त गिऱ्हाइकानं काय विचारायचं असतं, मला खरंच कुणीतरी सांगा.

आधी सूप आलं. काळ्या वाडग्यात गढूळ पिवळसर पाणी, त्यात टोफूचे बोटाच्या पेराएवढे चौकोन, वर पातीचा कांदा. आई म्हणाल्या, "कढणासारखं लागतंय," आणि पीत राहिल्या. मग माझा वाडगा आला. तो तोंडाशी नेला आणि वास आला. मालवणच्या बाईला सुक्या मासळीचा वास झोपेत ओळखता येतो. हा सुकटीचा नव्हता, बोंबलाचाही नव्हता. धुरावलेला, जरा गोडसर. पण मासाच. मी आईंच्या वाडग्याकडे पाहिलं, अर्धा रिकामा झाला होता.

आता जे लिहिते आहे ते मला नंतर नीट कळलं. जपानी स्वयंपाकातल्या बहुतेक रस्स्यांचा पाया म्हणजे दाशी. तिचे घटक दोन. एक समुद्री शेवाळ, कोम्बू, आणि दुसरा कात्सुओबुशी: आपल्या कुप्याच्या जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा आणि रंध्यानं तासावा तसे त्याचे पातळ पापुद्रे काढायचे. ते गरम पाण्यात टाकून गाळलं की दाशी तयार. मासा गाळून निघून जातो. घाईच्या हॉटेलात याचीच तयार पूड मिळते.

मी कॅप्टनला बोलावलं. त्यानं ते सुरुवातीचं वाक्य म्हटलं. मी म्हटलं, मटणाचा रस्सा गाळून घेतला तर तो व्हेज होतो का? तो म्हणाला, "नहीं मॅम, वो तो मटन है." मग हा? "ये तो सिर्फ टेस्ट के लिए है, मॅम." मग मॅनेजर आले. त्यांनी माफी मागितली नाही, मला जपानी संस्कृती समजावून दिली. ऑथेंटिक जॅपनीजमध्ये असंच असतं, आमचे गेस्ट ऑथेंटिक टेस्टसाठीच येतात, व्हेज गेस्ट पण घेतात, आजवर कुणी तक्रार केली नाही. मी म्हटलं, कारण आजवर कुणाला सांगितलंच नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. नवरा हळूच म्हणाला, "जाऊ दे ना." त्याच्या जन्मदात्या आईच्या गळ्यात माळ, आणि जाऊ दे हे तो मला म्हणत होता.

मी म्हटलं, पाकीट दाखवा. ते किचनमध्ये आहे. मग बाहेर आणा. बराच वेळ कुणी आलं नाही. शेवटी एक मुलगा आला, नजर खाली, हातात चंदेरी पाकीट. पुढे जपानी अक्षरं आणि माशाचं चित्र. माशाचं चित्र! उलटं केलं. मागे आयात करणाऱ्यानं चिकटवलेलं पांढरं स्टिकर होतं, त्यावर बारीक अक्षरात घटक, आणि कोपऱ्यात चौकोन, चौकोनात तपकिरी त्रिकोण. पूर्वी मांसाहाराची खूण तपकिरी गोल असायची; रंग न ओळखू येणाऱ्यांना हिरव्या ठिपक्यापेक्षा ती वेगळी दिसावी म्हणून नंतर त्रिकोण केला. तो त्रिकोण रोज त्या स्वयंपाकघरात फोडला जात होता, आणि बाहेर मेन्यूवर हिरवं पान छापलेलं होतं. माहीत नव्हतं, हे म्हणायची सोयच नव्हती.

मी पाकीट टेबलावर मधोमध ठेवलं. मॅनेजर म्हणाले, "मॅम, तुम्हाला कॉम्प्लिमेंटरी मँगो पुडिंग पाठवतो." मी विचारलं, त्यात जिलेटिन आहे का? ते विचारून येतो म्हणून आत गेले ते परत आलेच नाहीत. पुडिंगही आलं नाही. बिल मात्र आलं, दहा टक्के सर्व्हिस चार्जसकट. तो मी काढायला लावला. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो परस्पर लावायचा नाही असं सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं, तरी तो अजून छापून येतोच. पण तो वेगळा विषय.

आईंनी या सगळ्यात आवाज चढवला नाही. वाडगा पुढे सरकवला, ओठ पुसले, उठून खळखळून चूळ भरून आल्या. नात रडकुंडीला आली होती, तिला म्हणाल्या, "तुझं काय चुकलं गं?" दुसऱ्या दिवशी सकाळीच वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन आल्या, आणि त्या दिवशी एकदाच जेवल्या. मी विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "नकळत गेलं ते पांडुरंगाला कळतं. पण त्या पोरांना माहीत होतं ना?"

कायद्यानंही हा मुद्दा मोकळा ठेवलेला नाही. दूध, दुधाचे पदार्थ असे मोजके अपवाद वगळता प्राण्यापासून, पक्ष्यापासून, समुद्रातल्या जिवापासून आलेलं काहीही अन्नात असलं, अगदी अंडंसुद्धा, तर ते मांसाहारी. डिसेंबर 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हेही सांगितलं की प्रमाण कितीही कमी असलं तरी फरक पडत नाही, घटक कशापासून आला ते सांगावंच लागेल. तेव्हा 'सिर्फ स्टॉक' ही पळवाट कुठेच नाही.

आणि त्या ऑथेंटिकपणाबद्दल. जपानमधल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचा पूर्ण शाकाहारी स्वयंपाक शतकानुशतकं चालत आलाय. तिथे दाशी करतात ती कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. 1908 मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं याच कोम्बूमधून दाशीची ती चव वेगळी काढली आणि त्यातून पुढच्या वर्षी बाजारात आलं ते अजिनोमोटो. म्हणजे माशाला न शिवता मिसो सूप करता येतं, आणि तेही अस्सल जपानी. फक्त दोन डेग वेगळे चढवावे लागतात. तेवढं करायचं नव्हतं, म्हणून संस्कृती पुढे केली.

याउलट आमच्या नाक्यावरची चायनीजची गाडी. लाल बोर्ड, ड्रॅगन, शेजवानचा ठसका. एकदा आई तिथे नातीबरोबर उभ्या राहिल्या तर गाडीवाला म्हणाला, "आजी, तुम्ही नका घेऊ. कढई एकच आहे, चिकन यातच होतं." आलेलं गिऱ्हाईक त्यानं परत पाठवलं. पण बडगा उगारायचा तो गाड्यांवरच. 2024 मध्ये म्हापशाच्या नगरपालिकेनं गोबी मंचुरियनच्या स्टॉलवरच बंदी घातली. कर्नाटकानं त्यातल्या कृत्रिम रंगावर घातली. रंगाचं मला पटतं, लेकीला मीही त्यावरून ओरडते. पण एसीतल्या काळ्या वाडग्यात काय उकळलंय, हे बघायला कोण जातं?

आता एक सांगते. ते सूप उत्तम होतं. भांडण संपल्यावर माझा वाडगा मी संपवला. त्यानंतर मैत्रिणींबरोबर तशाच हॉटेलांत जाऊन सूप प्यायलेही आहे. नवऱ्यानं त्याच रात्री विचारलं होतं, माळ घालून जपानी हॉटेलात जायचंच कशाला? तेव्हा मी त्याच्याशी कडाकडा भांडले. हल्ली कधीकधी मलाही वाटतं की समुद्रावर जगणाऱ्यांच्या स्वयंपाकात जाऊन मासा नको म्हणणं जरा अतीच. पण मग हिरवं पान छापू नका. 'आमच्याकडे शाकाहारी सूप नाही' असं लिहा. आई काकडीची सुशी खाऊन आनंदानं घरी आल्या असत्या.

ज्यांच्या घरी माळकरी आहेत, जैन आहेत, किंवा माशाची अॅलर्जी असलेलं पोर आहे (त्याच्यासाठी तर हा जिवाशी खेळ), त्यांनी 'व्हेज आहे का' असं विचारू नये. त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. रस्सा कशाच्या पाण्यात केलाय ते विचारा. टेम्पुराबरोबरच्या डिपमध्ये बहुधा दाशी असते, आगेदाशी टोफूत आणि उडोनच्या रस्स्यात असतेच. किमचीत फिश सॉस असू शकतो, आणि चिनी पदार्थांतला ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा अर्क. गुळमुळीत उत्तर आलं तर पाकीट बाहेर मागवा आणि उलटं करून बघा. आणायला टाळाटाळ केली तर ऑर्डर रद्द करा. आणि फसवलंच तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मेन्यूचा आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मात्र आधीच काढून ठेवा.