लाल रेघेच्या आत

गेल्या खेपेला आई लंडनला आली, तेव्हा रोज सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायची आणि बसूनच एकेक पायरी खाली सरकायची. तेरा पायऱ्या. वायव्य लंडनमधलं आमचं घर १९३०च्या दशकातलं आहे, एका भिंतीला दुसरं घर टेकलेलं. मेट्रोपॉलिटन रेल्वे शेताशिवारांतून पुढं सरकली आणि तिच्या मागोमाग अशी घरं ओळीनं उभी राहिली. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या तीन खोल्या आणि घरातलं एकुलतं एक न्हाणीघर. दिवसा खाली असताना पुन्हा वर चढावं लागू नये म्हणून आई पाणी पिणंच टाळत होती. हे तिनं मला सांगितलं नाही, परत गेल्यावर माझ्या बहिणीला सांगितलं आणि तिनं मला. त्या रात्री आम्ही ठरवलं, की खाली एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर बांधायचं.

इथं अशा बांधकामाला दोन वेगळ्या दारांतून जावं लागतं. पहिलं दार ‘प्लॅनिंग’चं: बांधायला परवानगी आहे का, घर बाहेरून कसं दिसेल, शेजाऱ्यांचं काय होईल. दुसरं ‘बिल्डिंग कंट्रोल’चं: बांधलेलं नीट उभं राहील का, आग लागली तर माणूस बाहेर पडेल का, गटार कुठं जाईल. पहिला कागद मिळाला म्हणून दुसरा मिळतोच असं नाही.

काही बांधकामांना प्लॅनिंगची परवानगी मागावीच लागत नाही. आमच्यासारख्या जोडघराला मागच्या बाजूनं तीन मीटरपर्यंत एकमजली वाढ सरकारनं आधीच मोकळी ठेवली आहे, उंचीच्या वगैरे अटी पाळून. पण ते तीन मीटर मोजायचे मूळ घरापासून, आणि मूळ घर म्हणजे १ जुलै १९४८ रोजी उभं होतं ते. युद्धानंतर १९४७ साली इथं नगररचनेचा मोठा कायदा झाला आणि त्या दिवशी तो लागू झाला. तेव्हापासून जमीन तुमची असली, तरी तिच्यावर बांधायचा हक्क आपोआप तुमचा राहिला नाही, तो मागून घ्यावा लागतो. आमच्या आधीच्या मालकांनी स्वयंपाकघर मागं दोन मीटर वाढवलं होतं. ते दोन मीटर आमच्या हिशेबात धरले गेले. आम्हाला मागची वाढ आणि बाजूच्या जुन्या गॅरेजची जागा मिळून इंग्रजी ‘एल’सारखं बांधायचं होतं. म्हणजे रीतसर अर्ज आलाच.

या देशात येऊन मला एकोणीस वर्षं झाली. त्यांतली पहिली बरीचशी मी अर्ज भरण्यात घालवली आहेत. विद्यार्थी म्हणून, नोकरदार म्हणून, मग कायम राहण्यासाठी, मग नागरिक होण्यासाठी. प्रत्येक अर्जानं मला विचारलं, की तू कोण, कुठली, कधी आलीस, किती कमावतेस, किती दिवस देशाबाहेर होतीस. बोटांचे ठसे दिले, बँकेचे कागद दिले, लग्नाचा दाखला भाषांतर करून दिला. त्यामुळे हा अर्ज उघडला तेव्हा मी पासपोर्टचं पाकीट कपाटातून काढून टेबलावर ठेवलं होतं. त्याची गरज पडली नाही. नाव आणि पत्ता एवढंच माझं. बाकी सगळं घराबद्दल: भिंत कसली, कौल कसलं, झाड पडणार का, गाडी कुठं उभी राहणार, जमीन कुणाची.

अर्जासोबत एक नकाशा लागतो, १:१२५० प्रमाणाचा. त्यात आजूबाजूचे रस्ते आणि घरं दिसतात आणि ज्या जागेबद्दल अर्ज आहे तिच्याभोवती लाल रेघ ओढायची असते. परवानगी मिळते ती त्या लाल रेघेच्या आतल्या जमिनीला. मी उद्या घर विकलं तर परवानगी घराबरोबर जाते, माझ्याबरोबर येत नाही. आमच्या आर्किटेक्टनं हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच एका सरकारी कागदाला मी कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि त्यानं मला केवढं हलकं वाटलं हे त्याला कसं सांगणार?

फॉर्मवर एक प्रश्न असाही होता: तुम्ही किंवा तुमचा आर्किटेक्ट कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कुणा कर्मचाऱ्याचे किंवा निवडून आलेल्या सदस्याचे नातेवाईक आहात का? असाल तर लिहा. मला बाबा आठवले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांनी घर बांधलं तेव्हा ‘नकाशा पास करून घेणं’ हे एक वेगळंच काम होतं आणि त्याची सुरुवात ‘तिथं आपलं कोण आहे?’ या प्रश्नानं व्हायची. घरात रात्री बसून मोठी माणसं नाती आठवायची. कुणाच्या साडूचा भाऊ, कुणाचा वर्गमित्र. बाबा सरळ माणूस होते. ओळख काढणं त्यांना जड जायचं आणि तरीही ते काढायचे, कारण चकरा मारून चपला झिजल्या होत्या. तोच प्रश्न इथं उलट बाजूनं विचारलेला पाहून मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांना असा कोरा चौकोन मिळायला हवा होता, ‘नाही’ अशी खूण करून पुढं जाण्यासाठी.

पण जो अर्ज माझ्याबद्दल विचारत नाही, तो आईबद्दलही विचारत नाही. सोबत जोडायच्या पत्रात मी तिच्या गुडघ्यांविषयी पानभर लिहिलं होतं. आर्किटेक्टनं ते वाचलं आणि शांतपणे म्हणाला, ठेव हवं तर, पण याच्यावर निर्णय ठरेल असं समजू नकोस. माणसाची अडचण आज आहे, उद्या नाही. भिंत शंभर वर्षं राहते आणि शेजारच्यांना तिच्यासोबत जगायचं असतं. मला ते लागलं. फक्त फीच्या पानावर माणूस डोकावतो, कारण अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी घरात बदल करायचा असेल तर फी माफ होते. मी आईला फोनवर विचारलं. “अगं, मला तसं लिहू नकोस,” ती म्हणाली. “चालते मी.” मी २५८ पौंड भरले. हे २०२४ सालचं. १ एप्रिल २०२५ला हीच फी ५२८ पौंड झाली.

अर्ज दाखल झाला की कौन्सिल तो सगळ्यांसाठी उघडा ठेवते. आईची खाट कुठं, संडास कुठं, हे नकाशे जगातला कुणीही पाहू शकत होता. शेजाऱ्यांना पत्रं गेली, की एकवीस दिवसांत काय म्हणायचं ते म्हणा. म्हणायलाही मर्यादा आहे. घराची किंमत कमी होईल, खिडकीतून दिसणारं दृश्य जाईल, असले मुद्दे विचारात घेत नाहीत. उजेड जाईल, घर कोंदट होईल, आमच्या खोलीत डोकावता येईल, हे घेतात.

आमच्या सामाईक भिंतीपलीकडे एक वयस्कर बाई एकट्या राहतात. आम्ही आलो त्याच्या कितीतरी आधीपासून. अकरा वर्षांत आमचं बोलणं कचऱ्याचे डबे, पाऊस आणि नाताळची कार्डं यांपलीकडे गेलं नव्हतं. त्यांनी कौन्सिलला चार ओळी लिहिल्या: माझ्या स्वयंपाकघराला ही एकच खिडकी आहे आणि मी दुपारची तिथंच बसते. त्या ओळी मी स्क्रीनवर वाचल्या आणि आधी चिडले. भिंतीला कान लावला तर ज्यांचा रेडिओ ऐकू येतो, त्यांनी मला न सांगता सरकारला सांगावं? मग संध्याकाळी मीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं. इथल्या बऱ्याच कौन्सिलांत एक ढोबळ कसोटी वापरतात: शेजारच्या खिडकीच्या मध्यापासून ४५ अंशांत रेघ काढायची आणि नवी भिंत तिला किती कापते ते पाहायचं. आर्किटेक्टच्या कागदावर ती रेघ मी पाहिली होती. त्या खुर्चीत बसल्यावर ती आकाशात दिसली. आमच्या नकाशातली साडेचार मीटरची भिंत आली असती, तर ऑक्टोबरनंतर त्यांच्या टेबलावर ऊन पडलंच नसतं. इथला हिवाळा ज्यानं काढलाय त्याला कळेल, की हे लहान नुकसान नाही. आणि ज्या बाईचा उजेड जाणार होता, ती वयानं जवळपास आईएवढीच होती.

आम्ही नकाशे बदलले. त्यांच्या बाजूची भिंत सव्वा मीटरनं आखूड केली आणि आईची खोली गॅरेजच्या बाजूला वळवली. न्हाणीघरात चाकांची खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं. ते मात्र मी कमी होऊ दिलं नाही, कपाट सोडून दिलं. निर्णयाची मुदत आठ आठवड्यांची असते. बदललेले नकाशे तपासायला आम्ही संमती देऊन ती तीन आठवडे वाढवली. या वेळी त्या बाईंनी कौन्सिलला एकच ओळ पाठवली, की माझी हरकत नाही.

परवानगीचं पत्र आलं. तीन वर्षांत काम सुरू करा. विटा जुन्या घराशी जुळणाऱ्या वापरा. नव्या सपाट छताचा गच्ची म्हणून वापर करू नका. प्रत्येक अटीखाली तिचं कारण लिहिलेलं. गच्चीखाली लिहिलं होतं: शेजाऱ्यांचा खासगीपणा राखण्यासाठी. आईनं आधीच विचारून ठेवलं होतं, की वर पापड घालता येतील ना. तिला मी अट वाचून दाखवली आणि कारणही. “बरोबर आहे त्यांचं,” ती म्हणाली. कारण सांगितलं की आईला अट जाचत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मग खोदाई. लंडनची माती चिकण, उन्हाळ्यात आक्रसते आणि हिवाळ्यात फुगते. जवळ झाड असेल तर ते पाणी ओढून घेतं आणि ती आणखी आक्रसते. पाया साधारण मीटरभर तरी खोल हवा, झाडाजवळ आणखी. आमच्या मागं जुनं पेअरचं झाड आहे. शेजाऱ्याच्या पायापेक्षा खोल आणि तीन मीटरच्या आत खणायचं असेल, तर १९९६च्या सामाईक भिंतीच्या कायद्यानं महिनाभर आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ती घेऊन मी पुन्हा त्याच खुर्चीत बसून चहा प्यायले, आणि बाईंनी तिथंच सही केली. कायद्यानं भिंतीची जाडी ठरवणं या शहराला जुनं आहे. १६६६च्या आगीत लाकडी लंडन जळालं आणि पुढच्याच वर्षी विटांची किंवा दगडाचीच घरं बांधा असा कायदा आला. आमच्या काळातली जखम १४ जून २०१७ची, ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला लागलेल्या आगीची. बहात्तर माणसं गेली. त्या आगीच्या चौकशीच्या बातम्या मी वाचल्या होत्या, म्हणून बिल्डिंग कंट्रोलचा निरीक्षक चर पाहायला आला आणि आणखी चाळीस सेंटिमीटर खणा म्हणाला, तेव्हा खर्च वाढला तरी माझी कुरकुर नव्हती.

काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी आईनं फोनवरून सांगितलं तसं मी चराच्या ईशान्य कोपऱ्यात उतरून हळदकुंकू वाहिलं, नाणं आणि सुपारी ठेवली. सकाळी निरीक्षक पुन्हा आला. खोली मोजली, त्या कोपऱ्याकडे पाहिलं, टेप जरा अलीकडे धरला आणि सही करून गेला.

खोली २०२५च्या मार्चमध्ये पूर्ण झाली आणि आई एप्रिलमध्ये आली. पहिल्या सकाळी ती स्वतः उठली, दांडीला धरून न्हाणीघरात गेली आणि स्वयंपाकघरात येऊन तिनं स्वतःसाठी मोठा कपभर चहा केला. दुपारी मी तिला शेजारी घेऊन गेले. दोघी त्या खिडकीशी बसल्या. एकीला इंग्रजी फारसं येत नाही, दुसरीला मराठी मुळीच नाही. निघताना बाईंनी आईला त्यांच्या कुंडीतली पुदिन्याची फांदी दिली.

ऑक्टोबरमध्ये आई परत गेली. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला सहाच महिने राहता येतं. परदेशातल्या आईवडिलांना इथं कायम आणण्याचे नियम जुलै २०१२ पासून इतके कडक आहेत, की वकिलानं पहिल्या भेटीतच मान हलवली. रोजची साधी कामंसुद्धा दुसऱ्याच्या हातून करून घ्यावी लागतात आणि तशी काळजी मायदेशी आपल्या पैशांच्या मदतीनंही मिळू शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं. आई चालते. गावी पैसे देऊन बाई मिळते. खोलीला अकरा आठवड्यांत कायमची परवानगी मिळाली. ज्या बाईसाठी ती बांधली तिला मिळत नाही, आणि हे मला मान्य नाही. ज्या देशाला शेजारणीच्या टेबलावरचं ऊन मोजता येतं, त्याला म्हाताऱ्या आईची अन् मुलीची गरज मोजता येत नाही असं मी कसं मानू? खासदारांना मी दोनदा लिहिलं आहे. पुन्हा लिहीन.

सध्या तिच्या पुढच्या व्हिसाचा अर्ज भरते आहे. पासपोर्टचं पाकीट टेबलावर आहे, बँकेचे कागद आहेत, बाबांच्या मृत्यूचा दाखला आहे. मुक्कामाचा पत्ता ही ओळ फॉर्मात बरीच खाली येते. मी ती आधी भरली.